पंचाक्षरीअप्पांचं झुकतं माप

पाटोद्याच्या पेठेत पंचाक्षरीअप्पांच्या किराणा दुकानातून कुणी कधी नेमके अर्धा किलो शेंगदाणे घरी नेले असतील, तर त्यानं खुशाल पुढं येऊन सांगावं. कुणी येणार नाही. अप्पांच्या हातून अर्धा किलो म्हणून जे निघे ते अर्ध्या किलोहून जास्तच असे. डाव्या हाताच्या दोन बोटांत ताजव्याची दोरी, उजव्या हातात कागदाचा पुडा, आणि पुड्याच्या बुडाला तर्जनीची टिचकी. आधी मोठी, मग लहान, मग इतकी हलकी की एका टिचकीला एकच दाणा पडावा. दांडी सरळ झाली आणि गिऱ्हाइकानं पिशवी पुढं केली, की अप्पा म्हणत, "थांबा, वरचं राह्यलं." मग चिमूटभर, नाही तर मूठभर माल आणखी पडे, दांडी गिऱ्हाइकाच्या बाजूला कलंडे, आणि मगच माल पिशवीत जाई.

हे 'वरचं' अप्पांच्या वडिलांपासूनचं. दुकान टाकलं त्या वर्षी कपिलधारच्या यात्रेत त्यांनी आण घेतली होती की आपल्या दुकानातून सरळ दांडीनं माल द्यायचा नाही, झुकत्या मापानंच द्यायचा. अप्पा तेव्हा बारा वर्षांचे होते आणि शेजारी उभं राहून चुरमुरे खात होते. पण आण त्यांनाही लागू झाली असं ते धरून चालले. पुढची पंचेचाळीस वर्षं येणाऱ्या प्रत्येकाला आधी हात जोडून 'शरणार्थ' म्हणायचं आणि जाताना वरचं घालायचं, एवढ्या दोन गोष्टींवर त्यांनी पेठेत नाव कमावलं. 'शरणार्थ' हा लिंगायतांचा रामराम. पण डोंगरातून मेंढरं घेऊन उतरणारा बंकट धनगरसुद्धा तेल-मीठ न्यायला आला की पायरीवरूनच 'शरणार्थ, अप्पा' असं ओरडे.

मग डिजिटल काटा आला.

देशात सगळंच नवं यायला लागून दहा-बारा वर्षं झाली होती. पाटोद्याला नवं जरा उशिरा पोचतं, पण पोचतं. दुकानात शांपूच्या पुड्यांच्या माळा लटकल्या, सुटा चहा जाऊन पाकिटातला आला, आणि दोन हजार दोनच्या दिवाळीआधी अप्पांचा मुलगा रवि लाल आकड्यांचा काटा घेऊन आला. रवि वाईट मुलगा नव्हे. बापाला उलट बोलणं सोडाच, बापासमोर तो पाय पसरून बसतही नाही. पण नव्या काट्यावर पाचशे ग्रॅम म्हणजे पाचशे ग्रॅम. अप्पांनी सवयीनं वरचं घातलं की आकडा पाचशे वीस दाखवी आणि रवि काही न बोलता त्या आकड्याकडं बघत राही. त्याचं हे न बोलणं अप्पांना फार लागे. त्या साली वजनमापवाले शिक्के मारायला तालुक्याला आले तेव्हा रविनं ताजवा नेलाच नाही. बिनशिक्क्याचा ताजवा दुकानात चालत नाही. तो मागच्या खोलीत खुंटीला गेला आणि अप्पा कोपऱ्यातल्या स्टुलावर गेले.

"अप्पा, वरचं कावून बंद केलं वो?" बंकटनं एकदा विचारलंच.

"काट्याला हात न्हाईत, बंकट," अप्पा म्हणाले. "वरचं कोन घालनार?"

रिकामा माणूस घरात काय करतो? डबे उघडतो, झाकतो, दाळीत खडे शोधतो, नसले तर खडे का नाहीत म्हणून विचारतो. दीड वर्ष हे सोसून अप्पांच्या पत्नी गंगासागरबाईंनी शेवटी हात टेकले. "माझ्या चुलीभवती फिरू नका," त्या म्हणाल्या. "वर जावा. पोरीच्या कालेजात बसा."

पोरीचं कॉलेज म्हणजे दुकानाच्या माडीवरचा कॉम्प्युटरचा क्लास. अप्पांची धाकटी मुलगी रुद्राणी बीडला बी.एस्सी. झाली होती आणि पाच कॉम्प्युटर मांडून पोरापोरींना शिकवत होती. सकाळी क्लास, संध्याकाळी क्लास. दुपारी माडी रिकामी असे, आणि तेव्हा रुद्राणी अंतराळात असे.

त्याचं असं झालं होतं, की कॉम्प्युटरच्या एका मासिकाबरोबर तिला एक सीडी फुकट मिळाली होती. तीत यान उडवायचा खेळ होता. नाव इंग्रजी आणि लांबलचक. अप्पांनी पुढं त्याचं 'यान' करून टाकलं. त्यात बंदूक नाही, दुश्मन नाही, कुणी मरत नाही. पृथ्वी आहे, चंद्र आहे, वर फिरणारं स्टेशन आहे, आणि आपलं यान खऱ्यासारखं उडवायचं, बस. हा खेळ खेळणारे जगभरचे लोक इंटरनेटवरच्या एका फोरमवर जमत. आपल्याकडं माणसं पारावर जमतात तशी. पण पारावरची माणसं नुसत्या गप्पा मारतात. हे लोक खेळात भर घालत. कुणी नवं यान बनवी, कुणी त्याच्या खिडक्या, कुणी चंद्रावरचे खड्डे जास्त खरे करी, आणि केलेलं सगळ्यांना फुकट वाटून टाकी. रुद्राणीला उडण्यापेक्षा याच उद्योगाचं वेड लागलं. खेळाच्या फाईली उघडायच्या, आत काहीतरी बदलायचं, खेळ बंद पाडायचा आणि पुन्हा चालू करायचा, यात तिच्या दुपारी जात.

अप्पा पहिल्यांदा तिच्या मागं येऊन उभे राहिले त्या दिवशी ती पृथ्वीच बदलत होती. मूळ खेळातली पृथ्वी तिच्या स्वस्तातल्या कॉम्प्युटरवर शिळ्या भाकरीसारखी दिसे. फोरमवर कुणीतरी चांगलं मोठं चित्र ठेवलं होतं. फोनच्या लाईनवरून ते तुकड्यातुकड्यानं उतरवून घ्यायला तिला चार दिवस लागले होते. आता ते लागलं, आणि पडद्यावर ढग, समुद्र, किनारे लखलखीत उमटले. अप्पा पडद्याला नाक लागेल इतके पुढं वाकले.

"आपला बालाघाट कुटं हाय?" शेवटी त्यांनी विचारलं.

रुद्राणीनं यान फिरवून दख्खनवर आणलं आणि एका तपकिरी डागावर बोट ठेवलं.

"आन् मांजरा?"

"एवढी बारकी नदी न्हाई दिसत, अप्पा."

"मांजरा बारकी?" अप्पा जरा फुगलेच. ज्या नदीचा उगम आपल्या तालुक्यात, तिला बारकी म्हणणाऱ्या चित्रावर त्यांचा विश्वास बसेना. ते जायला वळले, तेवढ्यात पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातला आकडा त्यांना दिसला. "ह्ये काय मोजतंय?"

"यानाचं किती इंधन जळालं ते. किलो आन् ग्रॅममधी."

"किलोत?" अप्पा म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले. तिथून ते कायमचे माडीवरचे झाले.

त्यांना चंद्रावर जायचं नव्हतं. त्यांना एकच गोष्ट आवडली: यान स्टेशनला नेऊन जोडणं. स्टेशनच्या तोंडाशी एक गोल दार असतं, त्यात यानाचं नाक अलगद बसवायचं. आधी अप्पांनी आठ दिवस नुसत्या धडका दिल्या. यान पुढं ढकललं की ते थांबेचना.

"अप्पा, हितं ब्रेक न्हाई," रुद्राणी म्हणाली. "जेवढं हिकडून ढकललं तेवढंच तिकडून ढकललं तरच थांबतं."

"मंग आधी सांगायचं न्हाई का? ह्यो तर ताजवाच हाय की!"

कळ दाबली की यानाच्या अंगातून धुराची बारीक फुंक निघे आणि यान तेवढं सरके. अप्पांच्या दृष्टीनं ती टिचकी होती. आधी मोठी, मग लहान, मग एका दाण्याएवढी. अडचण एकच होती. यान किती डावं-उजवं आहे हे दाखवणारी पट्टी इंग्रजीत, रेघारेघांची. आकडे अप्पांना कळत, पण ती अक्षरं आणि रेघा काही डोक्यात शिरत नव्हत्या. रुद्राणीनं दोन आठवडे खपून ती पट्टीच बदलली. खाली खुंटीवरचा ताजवा बघून बघून तिनं हुबेहूब चित्र काढलं: पितळी दांडी, दोन पारडी, मधला काटा, दोरीची गाठसुद्धा. यान डावीकडं गेलं की दांडी डावीकडं कलंडायची, सरळ आलं की सरळ. हे तिनं फोरमवर ठेवलं तेव्हा शेकडो लोकांनी उतरवून घेतलं. यानात लावायला असलं अजब आणि सुंदर यंत्र आपण पाहिलं नाही, असं एकानं लिहिलं. रुद्राणीनं ते वाक्य बापाला तीनदा मराठीत करून सांगितलं.

फोरमवर दर महिन्याला एक स्पर्धा असे. सगळ्यांनी स्टेशनपासून एक किलोमीटरवरून निघायचं आणि कमीत कमी इंधनात जोडायचं. उड्डाणाची नोंद खेळ स्वतःच एका फाईलीत करी. ती फाईल आणि किती इंधन लागलं तो आकडा, असं दोन्ही पाठवायचं. बाकीचे लोक वीस मिनिटांत जोडून मोकळे होत. अप्पा दोन तास घेत. एक हलकी टिचकी मारायची आणि हात मांडीवर ठेवून बघत बसायचं. त्यांच्या लक्षात आलं होतं, की सोडून दिलेलं यान सरळ जात नाही, आपल्याआपण एका अंगाला वाहत जातं. दोघंही पृथ्वीभोवती फिरताहेत म्हणून तसं होतं, असं रुद्राणीनं समजावलं. अप्पांनी कारण ऐकून घेतलं आणि वाहणं कामाला लावलं. जे आपोआप येतंय त्याला ढकलायचं कशाला? सकाळी शिवपूजेच्या वेळी तळहातावर इष्टलिंग घेऊन ते पापणी न हलवता बसत, तसेच दुपारी पडद्यापुढं बसत.

सप्टेंबरात अप्पा तिसरे आले, ऑक्टोबरात दुसरे. दोन हजार चारच्या नोव्हेंबरात पाटोद्याचे पंचाक्षरी पहिले आले आणि गंगासागरबाईंनी पुरण घातलं. कशात पहिले आले ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. पण पुरण झकास झालं होतं.

आणि डिसेंबरात ते पत्र आलं.

स्पर्धा चालवणारा माणूस नॉर्वेतला एक निवृत्त शाळामास्तर होता. अप्पा त्याला 'कारभारी' म्हणत. त्यानं फोरमवर सगळ्यांच्या देखत लिहिलं होतं, की पाटोद्याच्या खेळाडूचे तिन्ही महिन्यांचे आकडे त्याच्या फाईलींशी जुळत नाहीत. ज्याअर्थी आकडा एक आणि नोंद दुसरी, त्याअर्थी फाईलीत कुणीतरी हात घातला आहे. शिवाय तो ताजव्याच्या चित्राचा प्रकार. त्यात यान स्वतःहून सरळ करणारी काही चलाखी दडवली असावी. याचा उलगडा होईतोवर नाव यादीतून काढत आहोत.

रुद्राणीचे कान लाल झाले. तिनं फाईली उघडल्या. नोव्हेंबरच्या नोंदीत चौदा किलो दोनशे ग्रॅम होते. पाठवलेला आकडा पंधरा. ऑक्टोबरला सोळा-तीनशे, पाठवले सतरा. उडून झालं की अप्पा दुकानातल्या पेन्सिलीनं चिठ्ठीवर आकडा लिहून ठेवत आणि संध्याकाळचा क्लास संपला की ती चिठ्ठी बघून पाठवी. तिनं त्या चिठ्ठ्या शोधून बापापुढं धरल्या.

"अप्पा, पडद्यावर चौदा-दोनशे असताना तुमी पंधरा कावून लिव्हलं?"

"मंग?" अप्पांना प्रश्नच कळेना. "वरचं नको?"

रुद्राणी आधी हसली, मग डोकं धरून बसली. सगळं जग आपलं इंधन कमी लागलं म्हणून सांगायला धडपडतंय आणि हा माणूस स्वतःच्या विरुद्ध मूठमूठ वाढवून सांगत होता. अप्पांच्या लेखी फोरमवाले म्हणजे गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाइकाला माप सरळ दांडीनं कसं द्यायचं? आता हे नॉर्वेच्या मास्तरला कुठल्या इंग्रजीत सांगावं?

तिनं सांगितलं तरी. दुकान, ताजवा, आण, वरचं, सगळं लिहिलं. फोरमवर काहींना ते गोड वाटलं. काहींनी टिंगल केली, की स्वतःलाच फसवणारा लबाड आम्ही पहिल्यांदाच पाहतोय.

रविला कळलं तेव्हा तो काटा सोडून माडीवर आला. "कोन बे ह्यो मास्तर? माज्या बापाचं माप खोटं म्हनतो? पाटोद्याला ये म्हनावं, पेठेत उभा ऱ्हा म्हनावं!"

अप्पांनी मात्र त्याला हातानंच खाली जा म्हणून खुणावलं. त्यांना राग आला नव्हता. त्यांना लाज वाटत होती, आणि लाज कशाची तेच सापडत नव्हतं. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "पंचेचाळीस वर्सांत कुनी म्हनलं न्हाई." दुसऱ्या दिवसापासून ते स्टुलावरही बसेनात. बसलेच तर येणाऱ्याला 'शरणार्थ' म्हणेनात. बंकटनं पायरीवरून ओरडून पाहिलं. अप्पांनी मान हलवली आणि आत निघून गेले. गंगासागरबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाले, "ज्याचं माप खोटं त्यानं कंच्या तोंडानं हात जोडावं?" माणूस म्हातारा होतो तो असा एका आठवड्यात होतो. घरात सगळ्यांना ते दिसत होतं आणि सगळ्यांना रडू येत होतं.

आठव्या दिवशी कारभाऱ्याचं दुसरं पत्र आलं. मास्तर असला तरी माणूस न्यायाचा होता. त्यानं लिहिलं होतं: रविवारी तुमच्या सकाळी अकरा वाजता मी एक नवी सुरुवात पाठवतो, जी कुणी पाहिलेली नाही. एक वाजायच्या आत जोडून फाईल परत करा. ताजव्याचं चित्र लावायचं नाही. आकडा ग्रॅमपर्यंत नेमका द्यायचा, कमी नको आणि जास्तही नको. मी स्वतः हीच सुरुवात घेऊन उडलो. मला बरोबर चौदा किलो लागले.

रुद्राणीनं वाचून दाखवलं. ताजवा नाही याचं अप्पांना काही वाटलं नाही. 'जास्तही नको' ऐकून मात्र त्यांचा चेहरा उतरला. माप खरं आहे हे दाखवायला आयुष्यात पहिल्यांदा सरळ दांडीनं द्यावं लागणार होतं.

रविवारी अख्खं घर माडीवर. विजेचा काही भरवसा नव्हता. त्या दिवसांत दुपारी ती कधीही जाई. रविनं दुकानाला कडी लावली होती, जे लग्नाकार्यालाही होत नसे. फोनची लाईन रडतखडत लागली आणि फाईल उतरली तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. रुद्राणीनं ताजव्याचं चित्र काढून टाकलं. जुनी रेघारेघांची पट्टी परत आली. अप्पांनी कळांवर उजवा हात ठेवला, आणि तसाच परत उचलला.

"काय झालं?" रुद्राणीनं विचारलं.

"डावा हात मोकळा हाय," अप्पा म्हणाले. "बरं न्हाई वाटत."

रुद्राणीला आधी कळलं नाही. रविला कळलं. तो जिना उतरून गेला आणि खुंटीवरचा ताजवा घेऊन आला. येताना त्यानं धोतराच्या जुन्या फडक्यानं दांडी पुसलीही होती. पडद्यावर ताजवा नको असं कारभाऱ्यानं लिहिलं होतं. हातात नको असं काही लिहिलं नव्हतं. अप्पांनी डाव्या हाताच्या दोन बोटांत दोरी धरली. रिकामी पारडी जरा हेलकावली आणि दांडी सरळ झाली. अप्पांचा उजवा हात पुन्हा कळांवर आला.

मग एक टिचकी. यान निघालं. अप्पा बसले.

अर्धा तास काही घडलं नाही. गंगासागरबाईंनी हळूच विचारलं, "बंद पडलं का?" रुद्राणीनं ओठांवर बोट ठेवलं. यान आपल्याआपण एका अंगाला वाहत होतं, आणि ते कुठवर वाहील याचा अंदाज अप्पा डोळ्यांनी घेत होते. बाराला त्यांनी दुसरी टिचकी मारली, बारा वीसला तिसरी, इतकी हलकी की फुंक दिसलीसुद्धा नाही. स्टेशन मोठं होत गेलं. रुद्राणी नुसती त्या कोपऱ्यातल्या आकड्याकडं बघत होती. तेरा किलो चारशे. दाराच्या अगदी तोंडाशी यान डाव्या अंगाला केसभर कलंडलं. अप्पांनी पट्टीकडं पाहिलंच नाही. डाव्या हातातली दांडी कलंडल्यासारखी त्यांची मान कलंडली आणि उजव्या बोटानं दोन दाणे टाकले. यान सरळ झालं. बारा बेचाळीसला दार लागल्याचा हिरवा दिवा पेटला.

"तेरा-सहाशे!" रुद्राणी ओरडली. "अप्पा, कारभाऱ्याला चौदा लागलं! तुमी त्येच्या खाली! फोरमवर आजवर कुनाचंच येवढं कमी न्हाई!" तिनं फाईल जपून ठेवायला हात पुढं केला.

"थांब," अप्पा म्हणाले. "वरचं राह्यलं."

रुद्राणीनं हात मागं घेतला.

"अप्पा, पाया पडते," रुद्राणी म्हणाली. "आज आकडा वाढवून लिव्हायचा न्हाई. तेवढ्यासाठीच तर ह्ये सगळं झालं."

"लिव्हायचं न्हाई. कारभारी म्हनतो ते बराबर हाय, लिव्हलेलं खरं पायजे." असं म्हणून अप्पांनी कळ दाबली. यान जोडलेलं होतं, कुठं जायचं नव्हतं, काही साधायचं नव्हतं. तरी यानाच्या अंगातून एक फुंक निघाली, पांढरी, भरघोस, मूठभर. स्टेशन जागचं हललं नाही. आकडा तेवढा सरकला: तेरा-नऊशे. अप्पांनी तो बघितला, मान हलवली, आणि आणखी चिमूटभर घातलं. चौदा किलो शंभर.

"आता लिव्ह," ते म्हणाले. "चौदा-शंभर. ग्रॅमलाबी फरक न्हाई."

"पन मंग पयला नंबर—"

"त्येचा त्येला राहू दे. मला नंबर कशाला?" डाव्या हातातला ताजवा त्यांनी अलगद मांडीवर ठेवला. "माझं माप खरं हाय आन् झुकतं हाय. दोन्ही त्येच्या फाईलीत हाय. त्येला बघता येत असंल तर दिसंल."

रुद्राणीनं डोळे पुसत तोच आकडा लिहिला. बारा पन्नासला फाईल गेली. वीज त्या दिवशी गेलीच नाही, आणि पाटोद्यात हे कुणाला सांगितलं तर अजून कुणी विश्वास ठेवत नाही.

दोन दिवस काही आलं नाही. रवि दिवसातून चारदा जिन्याखालून विचारायचा, "आलं का?" अप्पांनी एकदाही विचारलं नाही.

बुधवारी दुपारी उत्तर आलं. रुद्राणीनं अप्पांना खुर्चीत बसवलं आणि सावकाश मराठीत करून सांगितलं. कारभाऱ्यानं लिहिलं होतं: फाईल मी तीन वेळा पाहिली. तेरा-सहाशेला यान जोडलं गेलं, ते मला कधी जमलं नसतं. मग जोडल्यानंतरच्या त्या दोन फुंका दिसल्या. पहिल्यांदा वाटलं बोट घसरलं. दुसऱ्यांदा वाटलं कळ बिघडली. मग तुमच्या मुलीचं पत्र पुन्हा काढून वाचलं. आकडा ग्रॅमला जुळतो. यादीत नाव परत लावलं आहे, आणि सगळ्यांच्या देखत बोललो होतो म्हणून सगळ्यांच्या देखत माफी मागतो. सोबत एक फाईल आहे, ती तुमच्या वडिलांसाठी.

"कसली फाईल?" अप्पांनी विचारलं.

रुद्राणीनं ती लावली. ते कारभाऱ्याचं स्वतःचं उड्डाण होतं, परवाच्या रविवारच्या सुरुवातीवरून नव्यानं केलेलं. त्याच्या यानात रुद्राणीचा ताजवा लावलेला होता. वीस मिनिटांत जोडणाऱ्या त्या माणसानं या खेपेला दीड तास घेतला होता. रुद्राणी मधला भाग पुढं पळवायला लागली तेव्हा अप्पांनी तिचा हात धरला आणि सगळा दीड तास बसून पाहिला. मास्तरच्या टिचक्या जरा जड होत्या. "शिकंल," अप्पा म्हणाले. यान दाराशी आलं, दांडी सरळ झाली, हिरवा दिवा पेटला. रुद्राणीला वाटलं संपलं.

पण फाईल संपली नव्हती. यान तसंच जोडलेलं उभं होतं. आणि मग, काही गरज नसताना, त्याच्या अंगातून एक पांढरी फुंक निघाली. मूठभर.

अप्पा खुर्चीतून उठले. डोक्यावरची टोपी त्यांनी दोन्ही हातांनी सारखी केली, पडद्यासमोर हात जोडले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा, पेठेत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "शरणार्थ!"

खाली गंगासागरबाईंनी ते ऐकलं आणि चुलीपुढूनच हाक मारली, "रवि, अरं बघ, गिऱ्हाईक आलंय."